जुना व्हीसीपी (व्हिडिओ कॅसेट प्लेअर) नव्या एलईडी टीव्हीला जोडायचाय (नागपूर)

महालची_सून

नमस्कार मंडळी. महालातलं जुनं घर रिडेव्हलपमेंटला दिलंय, त्यामुळे सामान मनीषनगरला हलवणं चाललंय. माळ्यावरून सासऱ्यांचा अकाईचा व्हीसीपी निघाला आणि सोबत ट्रंकभर व्हीएचएस कॅसेटी. लेबलं अशी: 'ताईचं लग्न भाग १', 'मुंज', 'गणपती ९२', दोन-तीन हिंदी पिक्चर आणि एकावर नुसतंच 'पुसू नये'. व्हीसीपीचा लाईट लागतो, कॅसेट आत ओढतो, गरगर आवाजही येतो.

टीव्ही ४३ इंची, स्मार्ट. मागे तीन एचडीएमआय, दोन यूएसबी, केबलचं एक भोक आणि एक बारीक गोल भोक, त्यावर 'एव्ही इन' लिहिलंय. व्हीसीपीच्या मागे एक पिवळं, एक पांढरं आणि अँटेनासारखी दोन भोकं. याची त्याच्याशी गाठ मारायची कशी? साउंडबार आहे, त्यातून आवाज आला तर उत्तमच. बर्डीत एका दुकानात विचारलं तर पोरगा म्हणे, "मॅडम, हे आता चालत नाही, नवीन घ्या." नवीन काय घेऊ, व्हीसीपी?

दिवाळीला सगळे नागपुरात जमतात. त्याआधी जमलं तर बरं.

बर्डीचा_भाऊ

ताई, त्या पोराचं सोडा. ते बारीक गोल भोक आहे नं, तेच तुमचं काम करते. त्याची वायर येते. एका टोकाला साडेतीन एमएमची पिन, दुसऱ्या टोकाला पिवळं-पांढरं-लाल. टीव्हीच्या खोक्यातही येते बऱ्याचदा, पण ते खोकं कोण सांभाळून ठेवते! बाहेर शे-दीडशेत भेटून जाईल.

फक्त पिन पाहून घ्या. साध्या हेडफोनच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, हिच्यावर तीन पाहिजे. दोनवाली आणली तर आवाज येईल, चित्र नाही. पिवळं पिवळ्यात, पांढरं पांढऱ्यात, लाल लटकू द्या. तुमचं मशीन मोनो दिसून राहिलं. टीव्हीत सोर्स 'एव्ही' करा अन् प्ले दाबा. एवढं टेन्शन घ्यायसारखं काही नाही बाप्पा.

रामदासपेठी

हौस म्हणून ठीक आहे, पण ४३ इंचावर व्हीएचएस बघवत नाही हो. भंगारात द्या, जागा मोकळी करा. पिक्चर सगळे यूट्यूबवर आहेत.

बर्डीचा_भाऊ

ताईच्या नणंदेचं लग्न टाकलं का बे यूट्यूबवर कोणी?

तंत्रवेडा

भाऊंचं बरोबर आहे, पण त्या पिनेत एक गोम आहे, ती आधीच सांगून ठेवतो. पिनेवरच्या तीन रेघांमुळे चार कप्पे होतात. टोकावर डावा आवाज, हे बहुतेक ठिकाणी सारखं. उरलेल्या तीन कप्प्यांत उजवा आवाज, चित्र आणि अर्थिंग यांचा क्रम मात्र ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं लावलाय. त्यामुळे एका टीव्हीची वायर दुसऱ्याला चालेलच असं नाही.

लक्षण सोपं आहे. पडदा काळा आणि स्पीकरमधून जोरात घर्रर्र. म्हणजे चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेनं गेला. अशा वेळी व्हीसीपीच्या पिवळ्या भोकात वायरीची लाल पिन लावून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानं चित्र येतं. रंगांवर जाऊ नका, तिन्ही वायरी एकाच जातीच्या असतात.

त्यानंही नाही झालं तर मल्टिमीटर 'बीप'वर ठेवा. एक टोक पिवळ्या पिनेच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं टोक साडेतीन एमएमच्या पिनेवर एकेका कप्प्याला. बीप वाजेल तो कप्पा अर्थिंगचा. टीव्हीला अर्थिंग तिसऱ्या कप्प्यावर हवं आणि वायरीत ते शेवटच्या, म्हणजे वायरीच्या बाजूच्या कप्प्यावर असेल, तर पिना कितीही अदलाबदल करा, उपयोग शून्य. सरळ दुसरी वायर घ्या. टीव्हीच्या मॅन्युअलमध्ये कधीकधी हा क्रम छापलेला असतो.

आवाज मोनो असल्यानं फक्त डाव्या बाजूनं येईल. त्याला 'वाय' जोड मिळतो: व्हीसीपीच्या पांढऱ्या भोकातून एक निघतं आणि पुढे दोन होतात, पांढरं आणि लाल. साउंडबार टीव्हीला एचडीएमआय एआरसीनं किंवा ऑप्टिकलनं जोडलेला असेल तर वेगळं काही करू नका. टीव्हीतून वाजतं ते सहसा तिकडेही जातं.

आणि हात जोडून विनंती, चित्राचा आकार ४:३ ठेवा. कॅसेटवरचं चित्र चौकोनी आहे. पडदा भरावा म्हणून ते ताणलं की नवरीपासून भटजीपर्यंत सगळे गरगरीत दिसतात आणि मग दोष जुन्या शूटिंगवाल्याला.

कॅसेटवाले_काका

थांबा हो पोरांनो. वायरीचं काय, ती उद्याही भेटते. आधी कॅसेट पाहा.

मी १९८४ पासून व्हिडिओ लायब्ररी चालवली. एशियाडच्या वर्षी, १९८२ ला, रंगीत टीव्ही आला अन् त्याच्या मागोमाग व्हीसीआरचं, म्हणजे व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरचं वेड. रात्रभरासाठी व्हीसीआर अन् टीव्ही भाड्यानं न्यायचे, तीन पिक्चर, अख्खी गल्ली सतरंजीवर. सकाळी मशीन परत आलं की हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, पाहायचं काम माझं. म्हणून सांगतो, चित्र बिघडलं की दहात आठ वेळा मशीन नाही, घाण दोषी असते.

ताई, कॅसेट हातात घ्या, वरची पारदर्शक खिडकी उजेडात धरा. काळ्या टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी, ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसते का? दिसलं तर ती कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही. ती बुरशी आहे. एकदा घातली की हेडला लागते अन् तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला. लोक म्हणतात नागपूर कोरडं, इथं कुठली बुरशी! अहो, एप्रिलपासून जूनपर्यंत घरोघरी कूलर चालते. वाळ्याचं नाही तर लाकडाच्या भुश्याचं गवत, वरून पाणी, अन् सगळी ओली हवा खोलीत. त्याच खोलीत कपाटावर कॅसेटी ठेवल्या असतील तर एका उन्हाळ्यात काम तमाम. माळ्यावर होत्या म्हणता, तर बुरशीपासून कदाचित वाचल्या असतील, पण पत्र्याखालचा माळा असेल तर उन्हानं टेप वाकडी झाली असेल. पाहून सांगा.

दुसरं. पहिल्यांदा लग्नाची कॅसेट लावायची नाही. हिंदी पिक्चरची लावा, गेली तर गेली. व्हीसीपीचं वरचं झाकण काढा. हे करताना प्लग काढलेलाच पाहिजे, आत २३० व्होल्ट असतात. मग प्लग लावा, हात लांब ठेवून पिक्चरची कॅसेट घाला, प्ले दाबा आणि उजवीकडचं चाक पाहा. ते फिरलं पाहिजे, अन् एकसारखं. त्याला फिरवणारं रबर वर्षानुवर्षं पडून कडक होते, घसरते. मग कॅपस्टन, म्हणजे टेप सरकवणारी फिरती काडी, टेप पुढे ढकलत राहते अन् चाक ती गुंडाळत नाही. आत टेपचा गुंता होतो अन् कॅसेट बाहेर येता येता तुटते. चाक थांबलं दिसलं की लगेच स्टॉप. लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी अशाच गेल्या.

महालची_सून

काका, बरं झालं सांगितलंत. तीन कॅसेटींच्या खिडकीत पांढरं दिसतंय, त्यात 'ताईचं लग्न भाग १' आहे, नशीब! त्या वेगळ्या पिशवीत ठेवल्या. बाकीच्या स्वच्छ वाटतात. झाकण उघडून पिक्चरची लावली, उजवं चाक फिरतंय.

वायर आणली. आधी काळा पडदा आणि घर्रर्र, अगदी लिहिलं होतं तसंच. लाल पिन पिवळ्यात लावली आणि चित्र आलं! फक्त अर्ध्या पडद्यावर आडव्या पांढऱ्या रेघा धावतायत, आणि मधूनच टीव्ही 'नो सिग्नल' दाखवून निळा होतो. रंगही कधी येतात, कधी जातात.

कॅसेटवाले_काका

रेघा म्हणजे हेड. आधी ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या चित्राच्या वाटेवर नीट आणायचं बटण, फिरवून पाहा. समोर गोल बटण असेल किंवा प्लस-मायनस. रेघांचा पट्टा वर-खाली सरकला तर ट्रॅकिंगचाच दोष, मधोमध आणून जिथं रेघा गायब होतील तिथं सोडा. जागचा हलला नाही तर हेड साफ करावं लागेल.

ते असं. प्लग काढा. झाकण उघडं. आत तिरका बसवलेला चकचकीत डबा दिसेल, तो ड्रम. त्याच्या कडेला, खालच्या बाजूला बारीक खाचेत काळसर टिकल्यासारखं दिसेल, समोरासमोर दोन. तेच हेड, काचेसारखं नाजूक. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, स्पिरिट नाही, सेंट नाही. साधा पांढरा झेरॉक्सचा कागद घडी करून ओला करा. कागद ड्रमला हलकेच टेकवून बोट स्थिर ठेवा, अन् दुसऱ्या हातानं ड्रमचा वरचा भाग हळूहळू आडवा फिरवा. ड्रम फिरला पाहिजे, कागद नाही. वर-खाली एकदाही घासायचं नाही, हेड तुटून पडते. कापसाचे बोळे वापरायचे नाहीत, तंतू अडकतात. कागदावर तपकिरी रेघ आली की समजा मळ निघाला. नवा कागद, परत तेच, रेघ यायची बंद होईपर्यंत. त्याच कागदानं मोठा रबरी रोलर अन् त्याच्या शेजारची लोखंडी काडीही पुसून घ्या. पूर्ण वाळू द्या, मग प्लग.

आमच्या काळी काही पोरं नोट घेऊन हेड पुसायची, मी हाकलून द्यायचो.

तंत्रवेडा

काकांच्या हातात विद्या आहे. आता 'नो सिग्नल'चं मी घेतो, कारण हेड चकाचक केलं तरी हा त्रास काही कॅसेटींना राहीलच.

आपल्याकडच्या टीव्ही सिग्नलची पद्धत 'पाल'. ६२५ रेघांचं चित्र, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे अर्धी-अर्धी ५० फील्ड. एक रेघ ६४ मायक्रोसेकंदांची. व्हीएचएसचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि टेप मात्र सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. टेप जराशी ताणली, रबर थोडं घसरलं की रेघ कधी ६४ पेक्षा किंचित लांब, कधी किंचित आखूड. जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही म्हणजे बँडमागे नाचणारी वरात, ताल सरकला तर पायही सरकले, कुणाला कळत नाही. नव्या टीव्हीला प्रत्येक रेघ आधी आकड्यांत मोजायची असते. मोजणी दोन-चार वेळा चुकली की तो निळा पडदा लावतो.

उपाय म्हणजे मध्ये असं काही ठेवायचं की जे वेडीवाकडी रेघ आत घेऊन सरळ करून बाहेर देईल. व्यावसायिक उपकरणाला टाइम बेस करेक्टर म्हणतात आणि त्याची किंमत ऐकून घाम फुटतो. घरगुती तोड: जुना डीव्हीडी रेकॉर्डर. प्लेअर नव्हे, रेकॉर्डर, ज्याच्या मागे 'इन' लिहिलेली पिवळी-पांढरी-लाल भोकं असतात. व्हीसीपी त्याच्या इनमध्ये, त्याचा आउट टीव्हीला. रेकॉर्ड करायचीही गरज नाही, नुसता सिग्नल त्यातून गेला तरी बऱ्याच मॉडेलमध्ये चित्र बसतं. ओळखीत कुणाच्या माळ्यावर पडलेला असेल तर मागून आणा.

रंग जातात-येतात ते टीव्हीत कलर सिस्टीम 'ऑटो' असल्यामुळे. मेनूत जाऊन पाल ठरवून टाका.

सक्करदरा_लोकल

धाग्यात घुसतो, माफी. माझ्या टीव्हीला ते एव्ही भोकही नाही. नुसते एचडीएमआय. ऑनलाईन एक छोटा डबा मागवला, जोडला, काहीच येत नाही.

बर्डीचा_भाऊ

डब्यावर काय लिहिलं आहे ते वाच आधी. 'एव्ही टू एचडीएमआय' पाहिजे. निम्मे लोक 'एचडीएमआय टू एव्ही' मागवतात, ते उलट्या कामाचं. दोन्ही डबे दिसायला जुळे भाऊ. ज्याच्यावर पिवळ्या-पांढऱ्या-लालजवळ 'इनपुट' लिहिलं, तो तुझा.

अन् त्याला करंट लागते, त्याची यूएसबी वायर टीव्हीत नको खोसू, मोबाईलच्या चार्जरला लाव. टीव्हीच्या यूएसबीवर काही डबे अर्धवट चालतात.

सक्करदरा_लोकल

उलटाच निघाला भाऊ. परत करून राहिलो.

तंत्रवेडा

बरोबर डबा येईल तेव्हा दोन गोष्टी. हे स्वस्त डबे चौकोनी चित्र आतच ताणून १६:९ करून देतात. टीव्हीच्या मेनूत एचडीएमआयसाठी ४:३ असेल तर ते दाबून पुन्हा सरळ होतं. काही टीव्हींत तो पर्याय एचडीएमआयला बंद असतो, मग इलाज नाही. दुसरं म्हणजे, ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५० फील्डचं चित्र दिलं तरी बरेच डबे ६० चं बाहेर काढतात. त्यामुळे कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळत चालतं. बघायला चालून जातं, पण जपून ठेवायची कॉपी या डब्यातून काढू नका.

डब्यावर ७२०/१०८० चं जे बटण असतं त्यानं चित्र सुधारत नाही. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेनं जेमतेम २४० रेघांचा तपशील असतो. ३० वर्षांपूर्वी टेपवर जे उमटलंच नाही ते डबा कुठून आणेल?

रामदासपेठी

म्हणूनच म्हणतो, चांगला फोर-के अपस्केलर घ्या, जुनं चित्र मोठ्या पडद्यासाठी वाढवून देणारा डबा. मी पाहिलाय एकाकडे, जबरदस्त.

कॅसेटवाले_काका

त्या पैशात दोन व्हीसीआर रिपेअर होतात.

रामदासपेठी

काका, तुम्हाला विकायला सांगत नाहीये मी. होम थिएटरवाल्यानं दाखवला तेव्हा फरक खरंच दिसत होता.

तंत्रवेडा

फरक दिसेल, नाही म्हणत नाही. फील्ड नीट जोडली, कडा कमी थरथरल्या की चित्र शांत वाटतं. पण ताईंची अडचण सिग्नल तुटण्याची आहे, आणि अपस्केलर तुटका सिग्नल दुरुस्त करेलच असं नाही. क्रम असा ठेवा: टेप, हेड, मधला रेकॉर्डर, आणि यावर समाधान झालं तर पैसे वाचले.

होम थिएटरचा विषय निघालाच आहे तर एक. ज्यांच्याकडे एव्ही रिसीव्हर आहे त्यांनी व्हीसीआरचा आवाज थेट रिसीव्हरला आणि चित्र डब्यातून टीव्हीला दिलं, तर आवाज आधी येतो, ओठ मागून हलतात. डबा आणि टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ खातात. रिसीव्हरमध्ये ऑडिओ डिले असतो, तो वाढवत न्या. आणि रिसीव्हरला पिवळं भोक आहे म्हणून तो ते चित्र एचडीएमआयवर चढवून देईल हे गृहीत धरू नका. अनेक मॉडेलं नाही देत.

न्यूजर्सीचा_नागपूरकर

आमची उलटी केस. इथं अमेरिकेत ९० च्या दशकात भावानं शूट केलेल्या कॅसेटी नागपूरला आईकडे आहेत. तिच्या व्हीसीआरवर काळ्या-पांढऱ्या दिसतात आणि चित्र वर सरकत राहतं.

तंत्रवेडा

त्या एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीच्या आहेत. ५२५ रेघा, सेकंदाला ३० च्या आसपास चित्रं. नुसत्या पालवाल्या व्हीसीआरवर त्या नीट लागतच नाहीत. भारतात नंतर आलेल्या बऱ्याच व्हीसीआरवर 'एनटीएससी प्लेबॅक' लिहिलेलं असायचं. ते मशीन बाहेर धड पाल देत नाही आणि धड एनटीएससीही नाही, मधलंच काहीतरी 'पाल ६०' देतं. टीव्हीला ते सहसा चालतं. स्वस्त डब्यांना आणि कॅप्चर स्टिकला (चित्र कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या यूएसबी कांडीला) पुष्कळदा चालत नाही. त्या कॅसेटी तुमच्याकडेच परत नेऊन तिथल्या व्हीसीआरवर कॉपी करणं कमी कटकटीचं. इकडे ११० व्होल्टचं मशीन आणून ट्रान्सफॉर्मर शोधत बसू नका.

रेशीमबाग_०७

आमच्या लग्नाची व्हीसीडी आहे, २००२ ची. व्हीसीडी प्लेअर बंद. त्यालाही हाच खटाटोप?

तंत्रवेडा

अजिबात नाही. व्हीसीडीवरचं चित्र आधीच आकड्यांत आहे, पिवळ्या वायरीच्या वाटेला कशाला नेता? सीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर शोधा, 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये '.डॅट' फाईल असते, ती कॉपी करा. व्हीएलसीमध्ये चालते. पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावायची असेल तर आधी एमपी४ करून घ्या. घाई मात्र करा, घरी लिहिलेल्या सीडींवरचा रंगाचा थर काळानं उडतो आणि मग ड्राइव्ह वाचत नाही.

महालची_सून

हेड साफ केलं. कागदावर चहासारखी तपकिरी रेघ आली, काका! आता पिक्चर मस्त लागतो. रेघा गेल्या. 'मुंज' लावली. सासरे शेजारी येऊन बसले, भिक्षावळ संपेपर्यंत हलले नाहीत आणि मग म्हणाले, आवाज थोडा वाढव.

रेकॉर्डर दीरांकडे निघाला, त्यामधून लावल्यावर निळा पडदा जवळजवळ बंद. पण पडद्याच्या अगदी तळाशी बोटभर पट्टी फाटल्यासारखी हलत राहते. ती कशानं जाईल?

तंत्रवेडा

ती जाणार नाही आणि घालवायला जाऊही नका. ड्रमवर दोन हेड आहेत, अर्धा फेरा एकाचा, अर्धा दुसऱ्याचा. एक सोडून दुसरं धरतो तो सांधा चित्राच्या तळाशी येतो. जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे तेवढा भाग झाकलेला असायचा, म्हणून कुणी पाहिला नव्हता. टीव्हीत 'ओव्हरस्कॅन' सापडलं तर चालू करा, पट्टी बाहेर जाईल.

शूटिंगवाला_वर्धमाननगर

उशिरा आलो. ९० च्या दशकात आम्ही खांद्यावरचे पॅनासॉनिक घेऊन लग्नं केली, कॅमेऱ्यातच मोठी कॅसेट, वर पेटता हॅलोजन, वरातीत घाम. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा हक्क आहे असं समजतो.

ताई, टीव्हीवर लागलं म्हणून तिथं थांबू नका. मशीन चालतंय तोवर कॉपी काढून घ्या. जपानच्या फुनाईनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. म्हणजे आता जगात जी मशीनं आहेत, तेवढीच. तुमच्या त्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्येच कोरी डिस्क टाका आणि सगळ्यात चांगल्या क्वालिटीवर, म्हणजे एका डिस्कवर एक तास, असं रेकॉर्ड करा. शेवटी 'फायनलाईज' नक्की करा, नाहीतर दुसऱ्या मशीनवर डिस्क चालणार नाही. मग त्या डिस्कवरून कॉम्प्युटरवर कॉपी, आणि कॉपीची कॉपी दुसऱ्या घरी.

यूएसबी कॅप्चर स्टिकनंही होतं, स्वस्त पडतं, पण तासाभराच्या कॅसेटीत आवाज आणि चित्र सुटत जातं कधीकधी. स्टिक वापरलीत तर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ असं ठेवा. कुणाकडे डिजिटल-८ चा हॅन्डीकॅम असेल, ज्याला अॅनालॉग आत घेता येतं, तर तो सगळ्यात भारी. फक्त फाईल तासाला १३ जीबीच्या आसपास होते.

बाहेरून करून घेणार असाल तर आधी विचारा की मूळ फाईल देणार की नुसता व्हॉट्सअॅपचा तुकडा. आणि कॅसेटी तोंडी बोलीवर सोडून येऊ नका, यादी करून सही घ्या. एकानं माझ्याच एका गिऱ्हाईकाला दुसऱ्याच्या डोहाळजेवणाची डीव्हीडी दिली होती.

सक्करदरा_लोकल

माझा बरोबरवाला डबा आला, चित्र आलं. पण काकांनी पिक्चरची कॅसेट लावून पाहायला सांगितली तसं केलं, तर पिक्चर दर काही सेकंदांनी उजळ-मंद, उजळ-मंद होतो. घरचं शूटिंग मात्र बरोबर दिसतं.

शूटिंगवाला_वर्धमाननगर

ओरिजिनल कंपनीची कॅसेट असणार. त्यावर मॅक्रोव्हिजन आहे, कॉपी होऊ नये म्हणून न दिसणाऱ्या रेघांत मुद्दाम टाकलेला गोंधळ. डबा त्याला चित्राचा उजेड समजून वर-खाली करतो. तुझं मशीन, डबा, सगळं ठीक आहे. लग्नाच्या कॅसेटींवर असलं काही नसतं.

महालची_सून

रेकॉर्डरवर कॉपी सुरू केली आहे. एक शंका: 'पुसू नये' वालीवर चुकून काही रेकॉर्ड तर होणार नाही ना? सासरे त्याच भीतीनं ती लावू देत नाहीयेत.

बर्डीचा_भाऊ

व्हीसीपी म्हणजे नुसता प्लेअर, त्याच्यात रेकॉर्डिंगची सोयच नाही, तो काय पुसते! बाबांना सांगा निवांत राहा. कोणाच्या व्हीसीआरमध्ये लावायची वेळ आली तर कॅसेटीच्या पाठीवर डाव्या कोपऱ्यात छोटी प्लास्टिकची चीप असते, ती तोडून टाका. मग कोणी कितीही रेकॉर्ड दाबलं तरी होत नाही.

काय आहे तिच्यात ते आम्हालाही सांगा.

महालची_सून

लावली. १९९३ सालचा क्रिकेटचा सामना आहे, अर्धाच, आणि पुढे कुणाचं तरी साक्षगंध. सासऱ्यांना सामना पुसायचा नव्हता म्हणे. सासूबाई तेव्हापासून साक्षगंधावरून ऐकवतायत.

आता राहिल्या त्या बुरशीवाल्या तीन. 'ताईचं लग्न भाग १' हवीच आहे, भाग २ मध्ये डायरेक्ट पंगतच सुरू होते. काका, काय करू?

कॅसेटवाले_काका

आत्ता पावसाळ्यात हात लावू नका. थंडी पडू द्या, नागपूरची डिसेंबरची कोरडी हवा यासाठी चांगली. तोवर पिशवीतून काढून, कागदात गुंडाळून, कूलर अन् भिंतीपासून लांब उभ्या ठेवा. फ्रिजमध्ये नाही, उन्हात तर नाहीच. दिवाळी भाग २ वर साजरी करा.

मग तोंडाला रुमाल बांधून गॅलरीत बसा. कॅसेट पालथी घाला, खाली पाच स्क्रू दिसतील, स्टारचा स्क्रू ड्रायव्हर चालते. स्क्रू काढल्यावर लगेच झाकण नका उचलू. कॅसेट तशीच दाबून धरून सरळ करा, टेप कोणत्या खुंटीवरून कशी गेली त्याचा मोबाईलवर फोटो घ्या, मग वरचं झाकण हळूच वर. टेपला बोट लावायचं नाही, दोन्ही चाकं कडेला धरून उचलायची. दुसऱ्या एखाद्या पिक्चरच्या कॅसेटीचं रिकामं केलेलं, साफ कवच तयार ठेवायचं, त्यात ही चाकं बसवायची, कारण जुन्या कवचातही भुकटी भरलेली असते. गुंडाळीच्या वरखाली जी पांढरी भुकटी असेल ती मऊ कोरड्या कापडानं, चाकाच्या मधून बाहेरच्या दिशेनं टिपायची. ओलं काही लावायचं नाही.

त्यानंतर ती तुमच्या चांगल्या व्हीसीपीत नाही लावायची. माझ्याकडे एक पडीक व्हीसीआर आहे, चित्र देत नाही पण फॉरवर्ड-रिवाइंड करते. त्याच्यावर टेपच्या वाटेत कोरडं कापड धरून दोन-तीनदा पूर्ण फिरवून घेऊ, मगच तुमच्या मशीनला. अन् झाकण उघडताना समोरच्या झडपेची बारीक स्प्रिंग उडते, ती गॅलरीतून खाली गेली की सापडत नाही. खाली चादर अंथरा.

सक्करदरा_लोकल

काका, तुमच्याकडे त्या पडीक व्हीसीआरचा रिमोट आहे का? माझ्या मशीनला पाहिजे होता.

कॅसेटवाले_काका

मॉडेल नंबर टाक इथं. रिमोटचं पोतंच आहे माझ्याकडे.